सायकलचा रस्ता पुलापासून शोध

चिऊ,

काल रात्री तू पाठवलेला स्क्रीनशॉट मी दहा वेळा तरी उघडून बघितला. ११ किलोमीटर, ३८ मिनिटं, घरापासून ऑफिसपर्यंत सरळ निळी रेघ आणि खाली तुझा मेसेज, "आई एकदम सोपंय, एकच वळण आहे". सायकलनेच जायचं ठरवलंस हे वाचून मला किती बरं वाटलं ते काय सांगू, पण मग मी सॅटेलाइट व्ह्यू लावला आणि ती निळी रेघ बोटाने सरकवत सरकवत पूर्ण बघितली. सहा लेनचा रस्ता आहे गं तो. मधे दोन फ्लायओव्हर, एका ठिकाणी तर डावीउजवीकडून रॅम्प येऊन मिळतायत, आणि नदीवरचा जो पूल आहे त्याला कडेला फूटपाथसुद्धा दिसला नाही मला. रात्री झोप लागेना म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले. जाऊ नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. जा, रोज जा, फक्त त्या रस्त्याने नको.

तुला माहितीये मी १६ वर्षं सायकलने कामावर गेले. पण पहिलं वर्ष कसं गेलं हे मी तुला कधी नीट सांगितलेलं नाही. तेव्हा मी पण सरळ मोठ्या रस्त्यानेच जायचे, जवळचा म्हणून, आणि ऑफिसला पोचले की माझा जबडा दुखायचा, दात आवळून सायकल चालवायचे ना मी. बाजूने बस गेली की हँडल घट्ट धरायचं, श्वास रोखायचा, ती गेली की सोडायचा. अकराव्या महिन्यात एका उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडला आणि मी त्यावर आपटून रस्त्यावर पडले, मागून येणाऱ्या माणसाने वेळेवर ब्रेक मारला म्हणून वाचले. मनगट फ्रॅक्चर होतं, बाकी काही नाही. तू तेव्हा लहान होतीस, तुला आम्ही घरात घसरले असं सांगितलं होतं. आज खरं सांगतेय कारण आता तू स्वतः रस्त्यावर उतरणारेस.

प्लास्टर निघाल्यावर सायकल विकायचीच असं ठरवून बसले होते. ऑफिसमधले एक वयस्कर गृहस्थ होते, वर्षानुवर्षं सायकलने येणारे, ते म्हणाले तुम्ही रस्ता चुकीच्या टोकाकडून शोधताय, घरापासून नका शोधू, पुलापासून शोधा. मला तेव्हा काही कळलंच नाही. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. कुठलंही मोठं शहर घे, त्यात नदी असते, रेल्वेलाइन असते, एखादा हायवे असतो, आणि या तिन्हींना ओलांडायच्या जागा अगदी मोजक्या असतात. गल्ल्या शंभर मिळतात, पण पलीकडे जायचे पूल आणि बोगदे चारपाचच. जीव मुठीत धरायला लागतो तो पण तिथेच, कारण सगळ्या शहराचं ट्रॅफिक त्याच चारपाच ठिकाणी येऊन गोळा होतं. म्हणून आधी ती ओलांडायची जागा पक्की करायची, सायकलला बरा पडेल असा पूल कुठला, लाइनखालचा बोगदा कुठला, हायवेवर सिग्नल कुठल्या चौकात आहे, आणि मग त्या ठिपक्यांना दोन्ही बाजूंनी गल्ल्यागल्ल्यांनी जोडत घरापर्यंत आणि ऑफिसपर्यंत यायचं. पुढची १५ वर्षं मी असंच गेले, कामं दोनदा बदलली तरी रस्ता शोधायची पद्धत हीच.

आता तुझा नकाशा बघ. त्या मोठ्या पुलाच्या साधारण सव्वा किलोमीटर वरच्या अंगाला एक अरुंद जुना पूल दिसतोय, त्यावर एकही मोठी गाडी दिसत नाही, बहुतेक पायी आणि सायकलवाल्यांसाठीच असावा. आणि रेल्वेलाइनला स्टेशनच्या मागच्या बाजूला एक सबवे आहे. हे दोन धरले तर मधे कालव्याच्या कडेने झाडांमधून जवळजवळ तीन किलोमीटरचा रस्ता मिळतो. मी मोजलं, सगळं मिळून साडेतेरा किलोमीटर होतात. अडीच किलोमीटर जास्त म्हणजे तुझ्या स्पीडने नऊएक मिनिटं, पण मोठ्या रस्त्यावर मी १४ सिग्नल मोजलेत, त्यातल्या निम्म्या ठिकाणी जरी थांबायला लागलं तरी तुझी नऊ मिनिटं तिथेच गेली की. आणि दर वेळी थांबून परत स्पीड घेण्यात पाय जे थकतात ते लांबच्या पण सलग रस्त्यावर थकत नाहीत, हे तुला आठवड्याभरात कळेल.

तू म्हणशील की मोठ्या रस्त्यावर तर सायकल लेन आखलेली आहे. बघितली मी ती. पांढरी पट्टी आहे नुसती, एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला पळतं ट्रॅफिक. अशी पट्टी मला काहीच नसल्यापेक्षा वाईट वाटते, कारण ती तुला बरोब्बर दरवाजे उघडतात तिथूनच चालवायला लावते. उभ्या गाड्यांपासून दीड मीटर लांब राहायचं, मग पट्टी काहीही सांगो, मागच्याने हॉर्न दिला तरी देऊ दे. नेदरलँडमध्ये गाडीचा दरवाजा त्याच्यापासून लांब असलेल्या हाताने उघडायला शिकवतात, त्यामुळे आपोआप मान मागे वळते आणि येणारा सायकलवाला दिसतो. तू कधी टॅक्सीत बसलीस तर तसाच उघडत जा, एवढं आईसाठी कर. खरी लेन कुठली तर जिच्यामधे आणि गाड्यांमधे उंच कठडा किंवा झाडं किंवा निदान खांब तरी आहेत. आणि रस्त्याच्या एकाच बाजूला जाणारायेणारा असा दोन्ही दिशांचा सायकल ट्रॅक असेल तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी स्लो हो, गल्लीतून बाहेर पडणारा ड्रायव्हर गाड्या येतात तिकडेच बघतो, उलट्या बाजूने सायकल येईल हे त्याच्या डोक्यात नसतं.

गल्ल्यांचा एवढा आग्रह का धरतेय तर स्पीडमुळे. ५० च्या स्पीडची गाडी सेकंदाला १४ मीटर पुढे जाते, ड्रायव्हरला ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. ३० ला ते आठ मीटरवर येतं. आणि धडकेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० ची धडक ३० च्या धडकेच्या जवळजवळ पावणेतीन पट. पॅरिसने २०२१ मध्ये बहुतेक सगळ्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा आणली ती उगीच नाही. म्हणून रस्ता निवडताना गाड्या किती आहेत यापेक्षा त्या किती जोरात जातायत ते आधी बघ. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गाड्यांची भरलेली गल्ली मला मोकळ्या सुसाट रस्त्यापेक्षा कधीही चालेल. हो आणि धूर, मोठ्या रस्त्यापासून शंभर-दीडशे मीटर आत गेलं तरी हवेत बराच फरक पडतो, आणि सायकल चालवताना आपण बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त श्वास घेतो, तेव्हा समांतर गल्ली मिळत असेल तर मोठा रस्ता घ्यायचं कारणच काय.

ट्रक आणि बसचं मात्र नीट वाच, घाईत वाचू नको. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या आणि कडेच्या मधल्या फटीतून पुढे जायचं नाही. कधीच नाही. ऑफिसला कितीही उशीर झालेला असो. ट्रक वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात, म्हणजे तुला जागा आहे असं वाटतं ती जागा वळताना नाहीशी होते, आणि ड्रायव्हर वर उंचावर बसलेला असतो, त्याला ती बाजू दिसतच नाही. मागेच थांब. त्याच्या आरशात तुला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तू दिसत नाहीयेस असं धरूनच चाल.

रविवारी सकाळी पूर्ण रस्ता एकदा करून बघ, पण त्यावर विसंबू नको. रविवारचा रस्ता वेगळाच असतो, त्या दिवशी सगळंच छान वाटतं. नंतर एखाद्या वर्किंग डेला, सुट्टी टाकलीस तरी चालेल, ऑफिसच्या वेळेलाच निघून बघ. शाळा कुठे लागतात ते बघून ठेव, शाळा भरायच्या वेळी तिथे गाड्या दारापर्यंत घुसतात आणि मुलं कुठूनही पळत येतात, वीस मिनिटं आधी निघालीस तर तीच गल्ली शांत मिळेल. आणि ऊन बघ, हे कोणी सांगत नाही. सकाळी पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या डोळ्यात ऊन असतं, तुझ्या मागून येणाऱ्याला तू दिसत नाहीस. तुझं ऑफिस घराच्या पूर्वेला आहे, म्हणजे सकाळी जाताना पण ऊन समोर आणि संध्याकाळी येताना पण समोरच, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसासुद्धा लावत जा.

येताना त्याच रस्त्याने आलंच पाहिजे असं काही नाही. कालव्याकडेचा रस्ता सकाळी सुंदर असेल, फिरायला आलेली माणसं असतील, पण रात्री आठला तिथे दिवे आहेत का, माणसं असतात का हे जाऊन बघितल्याशिवाय मला सांगू नको की ठीक आहे. मी हिवाळ्यात कायम दुसऱ्या रस्त्याने घरी यायचे, दुकानांच्या गल्लीने, जरा गर्दी होती, वेळ जास्त लागायचा, पण उजेड असायचा आणि ओळखीचे चेहरे असायचे. तू पण दोन रस्ते ठेव, एक जायचा आणि एक उशीर झाला तर यायचा. पावसाचा तिसरा. पाऊस पडला की रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं दोन्ही घसरतात, त्यावर ब्रेकही मारायचा नाही आणि हँडलही वळवायचं नाही, सरळ जाऊ द्यायचं. ट्रामचे रूळ असतील तर आडवे ओलांडायचे, तिरके गेलीस तर चाक फटीत अडकून आडवी होशील.

आणि एखादा चौक जमतच नसेल तर उतर. यात कमीपणा काही नाही. मी एका चौकात सगळी १५ वर्षं उतरून, सायकल हातात धरून, झेब्रा क्रॉसिंगवरून चालत जायचे, दीड मिनिट लागायचं जास्तीत जास्त. अख्खा रस्ता चांगला आणि एकच चौक वाईट असेल तर त्या एका चौकासाठी रस्ता सोडू नको, तो चौक चालत जा.

सायकल कुठली घ्यायची ते तुझं तू बघ, त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त टायर फार बारीक नको, ३५ मिलिमीटरच्या आसपास घे, खड्ड्यात आणि फटीत बरे पडतात. मडगार्ड हवेतच. बॅग पाठीवर नको, कॅरिअरला लाव, पाठ ओली होत नाही आणि मागे वळून बघायला मान मोकळी राहते.

तुझे बाबा म्हणतात मी उगीच घाबरवतेय तुला. मला ते नाही पटत. मी जेव्हा तो दुसरा रस्ता पकडला ना, तेव्हा पहिल्यांदा मला सायकलवर पक्ष्यांचे आवाज ऐकू आले. त्याच शहरात, त्याच वेळेला, दोन गल्ल्या आत. घरी यायचे तेव्हा दिवसभराचं काय काय डोक्यातून उतरून गेलेलं असायचं, तुझ्यावर ओरडायचे नाही त्या काळात, तुला आठवत असेल नसेल. मला तुला ते मिळालेलं हवंय. नेदरलँडमध्ये १९७० च्या दशकात रस्त्यावर लहान मुलं मरायला लागली तेव्हा आईबापच रस्त्यावर उतरले होते, आज तिथे सायकलसाठी जे रस्ते आहेत त्यात त्या लोकांचा मोठा हात आहे. तुझ्या शहरात ते काम व्हायचंय तेव्हा होईल, त्यासाठी तुम्ही ऑफिसातले सायकलवाले मिळून एक अर्ज जरूर द्या, त्या मोठ्या पुलावर कठडा मागा. पण तोपर्यंत तुला सोमवारी ऑफिसला जायचंच आहे.

म्हणून रविवारी आधी फक्त पुलापर्यंत जा. जुना पूल सायकलला खरंच मोकळा आहे का, पायऱ्या आहेत का, पायऱ्या असतील तर कडेला सायकल चढवायची पट्टी आहे का, हे मला वरून काही दिसत नाहीये. दोन्ही टोकांचे फोटो काढून पाठव. सबवेत पाणी साचतं का तेही तिथल्या कोणालातरी विचार. तुझे फोटो आले की मी पुढच्या गल्ल्या जोडून ठेवते, दोन-तीन पर्याय काढून ठेवलेतच, मग फोनवर बसून बघू दोघी.

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला ठेव.

आई