शेवटच्या केमोनंतरचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर ऑक्टोबरात स्तनाच्या कर्करोगावर लेख येतात. गाठ कशी ओळखावी, तपासणी कधी करावी, हे सांगायलाच हवं. माझीही गाठ आंघोळ करताना हाताला लागली आणि मी वेळेत गेले. पण हे लेख उपचारांपाशी थांबतात. त्यानंतरचं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशन, केमोच्या आठ सायकल आणि रेडिएशन यांत वर्ष गेलं. केस गेले, तोंडाची चव गेली. दोन्ही परत आले. बोटांची टोकं मात्र अजून बधिर आहेत, सुईत दोरा ओवताना कळतं. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी घरचे म्हणाले, ‘सुटलीस एकदाची!’ मला मात्र त्या दिवशी रडू आलं. वर्षभर कुणी ना कुणी मला तपासत होतं, आता एकदम ‘तीन महिन्यांनी या’. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी, त्यामुळे टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान पाच वर्षं. काही जणींना ती दहा वर्षंही घ्यावी लागते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते. हे त्या गोळीमुळे होतं, हे कळायला मला सहा महिने लागले. सगळे ‘किती खंबीर आहेस’ म्हणत होते, मग तक्रार कुणाकडे करणार?

सगळ्यात जास्त छळलं ते हाताने. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की त्या बाजूच्या हातातल्या द्रवाचा निचरा मंदावतो आणि हात सुजू शकतो. ‘या हाताने जन्मभर जड उचलायचं नाही,’ असं मला सांगितलं गेलं. ते मी इतकं पाळलं की खांदाच आखडला, केसांवरून कंगवा फिरवता येईना. शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी सांगितलं, १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेंझी यांनी या आजारातून उठलेल्या २४ बायकांना आधी व्यायाम आणि मग ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला लावली. जोराच्या कामाने हात सुजतो हा समज तेव्हाही होता, पण वल्हवून एकीलाही नवी सूज आली नाही. पुढे २००९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासातही दिसलं, की आधीच सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं, तर सूज बळावत नाही. ताकद वाढते, त्रास कमी होतो.

हे ऐकून मला रागच आला. एवढी वर्षं हे माहीत आहे, मग मला घाबरवून का ठेवलं?

मी भिंतीवर बोटांनी वर चढत जायचा व्यायाम सुरू केला, रोज पेन्सिलीने खूण करायची. मग अर्धा किलो वजन. आता त्या हाताने तीन किलो उचलते.

तेव्हा माझी विनंती आहे, की एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून हाताच्या व्यायामांवर चित्रांसह लेख लिहवून घ्या. त्यात हेही ठळक छापा, की व्यायाम स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करायचा. आणि हात जड वाटला, अंगठी किंवा बाही घट्ट झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. लाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं.

आपली,
एक वाचक