जुना बग बंद करण्याआधी एकदा करून तरी बघा

मा. संपादक,

ओपन सोर्सवरचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यात सगळं कोड लिहिणाऱ्यांबद्दलच होतं. मला कोडिंग येत नाही, तरी गेली चार वर्षं मी एका प्रोजेक्टमध्ये रात्री तासभर बसून जुने पडून राहिलेले बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या तक्रारी, तपासतो, ट्रायाज म्हणतात त्याला. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात सहा वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट उघडला. फाईल सेव्ह करताना प्रोग्राम बंद पडतो, एवढीच तक्रार, पण त्या माणसाने व्हर्जन, स्क्रीनशॉट, एकेक स्टेप सगळं नीट दिलेलं, खाली बाकीच्यांचं "मलाही, मलाही", आणि टीममधून एकाचंही उत्तर नाही. मग एक दिवस बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, आला, बरेच दिवस हालचाल नाही म्हणून बंद करतोय असं लिहून गेला. त्याखाली त्या माणसाचे दोनच शब्द, "अजून होतंय". ते वाचून खरंच वाईट वाटलं. त्याच्या स्टेप्स जशाच्या तशा करून बघितल्या तर चौथ्या स्टेपला माझ्याकडेही प्रोग्राम बंद पडला. फाईलच्या नावात इंग्रजी सोडून दुसरं अक्षर असलं की व्हायचं. तेवढं लिहून रिपोर्ट परत उघडला आणि दोन दिवसांत एकाने दुरुस्त केला, कारण बघायचं कुठे हे आता कळलं होतं. रिपोर्ट करणाऱ्याला कळवलं तर म्हणाला, मी ते सॉफ्टवेअर कधीच सोडलं.

मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या लोकांना मी दोष देत नाही, नोकरी सांभाळून फुकट काम करतात बिचारे. २०२४ मध्ये एक्सझेडचं, म्हणजे लिनक्समध्ये फाईली लहान करायला वापरतात त्या सॉफ्टवेअरचं, काय झालं आठवा, एकटा दमलेला मेंटेनर, कामं रखडली म्हणून त्याच्यामागे तगादा, आणि मदतीला म्हणून आलेल्यानेच त्यात बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातला. लाँचपॅडवर, म्हणजे उबुंटूचे बग नोंदवतात त्या साइटवर, माहिती मागूनही कोणी दिली नाही तर ६० दिवसांनी रिपोर्ट आपोआप बंद होतो, ते मला पटतं, निदान आधी प्रश्न तरी विचारलेला असतो. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात एक व्हर्जन साधारण १३ महिने चालतं, ते संपलं की त्याचे बग बंद, पण तेही आधी सांगून. पण आपणच उत्तर दिलं नाही आणि हालचाल नाही म्हणून आपणच बंद केलं, हे बरोबर नाही हो. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये टूलटिप, म्हणजे माऊस नेला की दिसणारा माहितीचा छोटा चौकोन, दुसऱ्या विंडोवर तसाच राहायचा, २००२ चा रिपोर्ट, २०२३ मध्ये सुटला, उघडा होता म्हणूनच ना.

बॉटने विचारावं जरूर, पण बंद करायचं ते माणसाने करून बघितल्यावरच. आणि वाचकांपैकी ज्यांना वाटतं आपल्याला कोडिंग येत नाही, त्यांनी रोज वापरता त्या एखाद्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा सगळ्यात जुना उघडा रिपोर्ट काढा, नव्या व्हर्जनवर करून बघा, आणि होतंय की नाही तेवढं व्हर्जन नंबरसकट खाली लिहा.

आपला,
एक वाचक