पिवळ्या पाट्या आमच्या आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला भूतानवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा रक्तदाबाची गोळी घेऊन.

थिंपूत एकही सिग्नल नाही, रंगीत चौकीत उभा राहून पोलीस हातवारे करतो, यावर लेखिकाबाईंनी अख्खा स्तंभ खर्ची घातला आहे. सिग्नल एकदा बसवला होता, लोकांना रुचला नाही म्हणून काढला, एवढे एक वाक्य टाकले असते तर बिघडले नसते. असो. माझी चिडचिड वेगळ्याच कारणाने झाली. वळणावळणावरच्या यमक जुळवलेल्या पिवळ्या पाट्या म्हणे भूतानी विनोदबुद्धीचा नमुना! बाई, त्या पाट्या आमच्या. सीमा सडक संघटनेच्या. त्यांचा पिवळा रंग मी स्वतः स्टोअरमधून मोजून दिलेला आहे.

मी ग्रेफमधून, म्हणजे या संघटनेच्या बांधकाम दलातून, निवृत्त झालो. नोकरीची पाच वर्षे 'दंतक'मध्ये, म्हणजे संघटनेच्या भूतानमधल्या प्रकल्पात गेली. 1958 साली पंडित नेहरू भूतानातल्या पारोला गेले ते सिक्कीमची नथुला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, जनावरावर बसून. कारण भूतानात मोटार जाईल असा रस्ताच नव्हता. 1961 मध्ये दंतक आले आणि सीमेवरचे फुंत्शोलिंग ते थिंपू ही पाच-सहा दिवसांची पायपीट एका दिवसात आटपू लागली. ज्या पारोच्या धावपट्टीवर बाई 'थरारक' उतरल्या तीही दंतकनेच बांधली. थरार कसला? चहूबाजूंनी डोंगर, वैमानिकाने नजरेच्या भरवशावर उतरायचे, तेही दिवसाउजेडीच. ढग बसले की देशाचा एकुलता एक आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद. मग खाली उतरायला उरतो तो हाच रस्ता.

आणि तो रस्ता पावसाळ्यात कसा असतो ते विमानातून दिसत नाही. याच रस्त्यावर सोरचेनला एकदा दरड आली. तीन दिवस रस्ता बंद, वर बटाट्याचे ट्रक उभे, बटाट्याला वास सुटलेला. साहेबांचा दर दोन तासांनी वायरलेस: किती राहिले? डोझरवर आमचा जत तालुक्यातला ऑपरेटर होता. चौथ्या दिवशी पहाटे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट झाली. तो चहा प्यायला खाली उतरला आणि वरून दगड आला. ग्लास हातातच होता. दुपारी ट्रक सुटले, ड्रायव्हरांनी जाताना हॉर्न वाजवले. तार त्याच्या घरी नवव्या दिवशी पोचली.

दंतकची अशी माणसे बाराशेच्या वर गेली. हे मी पदरचे सांगत नाही, सरकारी आकडा आहे. लेखात 'मोमो' हा शब्द सात वेळा आला आहे. मोजला. 'दंतक' एकदाही नाही.

आता सीमेलगत गेलेफूला मोठा विमानतळ होतो आहे, आसामातल्या कोकराझारहून तिथवर 69 किलोमीटरची रेल्वेही जाहीर झाली. उत्तम आहे. दहा वर्षांनी त्यावरही आपल्याकडे लेख येईल, त्यात निदान बांधणाऱ्याचे नाव घाला.

जाता जाता: पान तीनवरच्या फोटोखाली 'पारोचा किल्ला' असे छापले आहे. तो पुनाख्याचा आहे. मागे दोन नद्यांचा संगम स्पष्ट दिसतो. पुरवणीच्या टेबलावर नकाशा ठेवायची पद्धत बंद झाली का? आणि पुरवणी सोमवारी मिळण्याचा प्रकार आमच्या भागात सलग तिसऱ्या आठवड्यात घडला. विक्रेता म्हणतो, गाडी उशिरा आली. दिघीच्या रस्त्यावर दरड कोसळल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रेफ कर्मचारी,
दिघी, पुणे