बेल्ट बदलला तरी किंचाळतोयच

मा. संपादक, स.न.वि.वि.

पाऊस लागला की आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात सकाळी सकाळी निम्म्या गाड्या कुंई करत स्टार्ट होतात, आणि गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, बेल्ट (इंजिनच्या पुल्यांवरून, म्हणजे चाकांवरून, फिरणारा रबरी पट्टा) बदला. बदलला, आठवड्यात परत तेच, मग वरून स्प्रे मारून देतात, तो तर दोन दिवसांचा खेळ. अहो बेल्ट बिचारा ओरडतो पण दुखणं बहुतेकदा दुसरीकडंच असतं, टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) स्प्रिंग ढिली, आयडलर पुलीचं (बेल्टला नुसती वाट देणाऱ्या चाकाचं) बेअरिंग गेलेलं, नाहीतर कूलंट वा ऑइल बेल्टवर झिरपतंय. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडायला सांगा (हात आणि ओढणी लांब!). आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, उलट वाढला तर बेल्ट ढिला पडून घसरतोय. आणि हल्लीच्या ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) बेल्टला चिरा फारशा पडतच नाहीत, खाचा झिजतात, त्यामुळं नुसतं बघून "चांगलाय की" म्हणण्यात अर्थ नाही. चोर्ला घाटात बेल्ट तुटला तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद, काही गाड्यांत वॉटर पंपही त्याच्यावरच. गॅरेजवाल्यांनी आधी पुली हातानं फिरवून बघावी, मग बिल फाडावं.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव