आधी पाणी आणि कॅडी, मग फर्निचर

आमच्या तालुक्याजवळच्या खासगी गोल्फ क्लबची वार्षिक सभा नुकतीच झाली. बारच्या फर्निचरवर दीड तास गेला, पाण्यावर पाच मिनिटे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, शेजारची गावे टँकरची वाट पाहतात आणि आम्ही भरदुपारी स्प्रिंकलर चालवतो. सभासद म्हणून हे मला सहन होत नाही.

मैदानावरच्या ज्या गवताला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात, ती आपली हरळीच. निंदून निंदून शेतकरी थकतो, ती मरत नाही. उन्हाळ्यात पहाटे फक्त ग्रीन (छिद्राभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) आणि टी (पहिला फटका मारायची जागा) भिजवा, बाकी मैदान पिवळे पडू द्या. मृगाचा पाऊस झाला की हरळी पुन्हा फुटते. पूर्वी कोरड्या भागांत ग्रीनऐवजी तेल घातलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ असत, त्यांवरही लोक आवडीने खेळत.

आणि कॅडी! खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारी, आसपासच्या गावांतली ही पोरं सकाळी सहालाच हजर असतात. त्यांना बसायला शेड नाही, प्यायला माठ नाही. कडुनिंबाखाली डबा उघडतात. मैदान बंद असते त्या दिवशी तरी त्यांना खेळू द्या. १९९१ मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे अली शेर आधी कॅडीच होते. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत फर्निचरचा ठराव बाजूला ठेवून शेडचा घ्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक सभासद, जि. यवतमाळ