'टेक स्टॉक' समजावून सांगणाऱ्या ताईंना

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण घाईत, त्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या आठवड्यात साहेबांचा एका ओळीचा मेल आला होता, 'लेट्स टेक स्टॉक ऑन फ्रायडे'. आमच्या कामात ना माल ना गोडाऊन, मग स्टॉक कसला? शेअर्सचं काही असेल असंही वाटून गेलं. डिक्शनरीत बघितलं तर 'आढावा घेणे', आणि आढावा म्हटलं की माझ्या डोक्यात एकच येतं, आता झाडाझडती होणार. रात्री उशिरा तुम्हाला मेसेज टाकला आणि तुम्ही सरळ फोनच लावलात.

तुम्ही अर्थ सांगत बसला नाहीत. म्हणालात, दुकान डोळ्यासमोर आण, शटर अर्धं खाली, विक्री बंद, एकजण फळीवरचे डबे मोजतोय आणि दुसरा वहीत लिहितोय. वहीत चाळीस आहेत आणि फळीवर सदतीस निघाले तर सदतीसच लिहायचे, तीन कुठे गेले ते नंतर बघू. ताई, ते 'नंतर बघू' ऐकून मला किती हलकं वाटलं काय सांगू! आधी थांबायचं, मग आहे ते मोजायचं, दोष कुणाचा आणि पुढे काय हे सगळं त्यानंतर. 'आढावा' या शब्दातून मला हे कधीच कळलं नसतं.

ग्रामरही तुम्ही तेव्हाच पक्कं करून घेतलंत, की मध्ये 'द' येत नाही, स्टॉकचं स्टॉक्स करायचं नाही, कशाचा ते सांगायचं तर पुढे 'ऑफ' लावायचा, आणि 'इन' लावलं तर अर्थच बदलतो, विश्वास ठेवणे होतो. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

शुक्रवारच्या आदल्या रात्री एका पानावर जे आहे ते उतरवलं. दोन कामं मी उगीच अर्धवट समजत होते ती झालेली निघाली, आणि एक, जे मी 'चालू आहे' म्हणून सांगत आले होते, ते तीन आठवडे जागचं हललं नव्हतं. मीटिंगमध्ये तसंच सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, काय मदत लागेल?

आता हा शब्द कुठेही दिसला की लगेच अर्थ लागतो. हवामान बदलावरच्या पॅरिस करारात दर 5 वर्षांनी 'ग्लोबल स्टॉकटेक' असतो, पहिला 2023 मध्ये दुबईच्या परिषदेत पूर्ण झाला, ते वाचताना पहिल्यांदा डिक्शनरी उघडावी लागली नाही. सगळे देश मिळून फळीवरचे डबे मोजतायत असंच डोळ्यासमोर आलं.

रात्री साडेअकराला तुम्ही माझ्यासाठी वीस मिनिटं दिलीत, एकदाही हसला नाहीत. खूप खूप आभार ताई. काल टीमला मेल मीच लिहिला, 'लेट्स टेक स्टॉक ऑफ द पेंडिंग वर्क', आणि पाठवायच्या आधी 'ऑफ' आहे ना ते दोनदा बघितलं.