कानबाईच्या रोटांबाबत भाऊबंदांना सूचना

सर्व भाऊबंदांस कळविण्यात येते की, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी थोरल्या घरी आपल्या खानदेशातील लोकदेवी कानबाई हिची स्थापना होईल आणि सोमवारी नदीवर विसर्जन होईल. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्यांसाठी, घरातील प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजण्याची आपली रीत आहे. तिचे मूळ कारण आता कोणी सांगत नाही. परंतु माझ्या समजुतीने त्या निमित्ताने वर्षातून एकदा कुळातील माणसांची मोजदाद होत असावी, आणि म्हणूनच पुण्या-सुरतेस गेलेल्यांचीही मूठ येथे आठवणीने घातली जाते. यंदा लेकीसुनांच्या नावानेही मूठ घालावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. नावे शुक्रवारपर्यंत कळवावीत. रोट कुळाबाहेर दिले जात नाहीत, त्यामुळे पीठ बेतानेच भिजवावे.